जुनीं चित्रगृहें व त्यांच्या वास्तू

पुण्याच्या मंडईजवळ एक मोठा वाहनतळ आहे. दोनतीन वर्षांपूर्वीं एक विद्यार्थी माझ्या तासाला उशिरां आला आणि कारण म्हणून म्हणाला, "सर, आर्यनला गाडी लावायला जागाच मिळेना." मीं सहज विचारलें, "आर्यन म्हणजे काय?" तो म्हणाला, "पार्किंग." वर्गांत चाळीसएक मुलें-मुली होतीं, वाहनतळापलीकडे त्या शब्दाचा अर्थ कोणासहि सांगतां आला नाहीं. दोष त्यांचा नव्हता. सांगावयाचें तें आमच्या पिढीनें, आणि आम्हीं तें सांगितलें नव्हतें.

आर्यन हें पुण्यांतील पहिलें कायमचें चित्रगृह. गंगाधर नथूजी पाठक यांनीं तें १९१५ सालीं काढलें. १९८३ सालीं तें पाडण्यांत आलें. अडुसष्ट वर्षें ज्या दारांतून पुण्याचीं तीन पिढ्यांचीं माणसें आंत-बाहेर करीत होतीं, त्या दाराची आठवण पुढील चाळीस वर्षांत पुसून जावी, नांव तेवढें उरावें, आणि तेंहि मोटारी उभ्या करण्याच्या जागेला उरावें, ही गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. प्रस्तुत लेखाचें निमित्त तेंच.

आपल्याकडे चित्रपटाचा इतिहास लिहिला गेला नाहीं, असें मुळींच नाहीं. कोणता चित्रपट कोणीं काढला, त्यांत कोणीं कामें केलीं, त्याचें संगीत कोणाचें, याचे तपशील आज घरांघरांत ठाऊक आहेत. परंतु देवळाचा इतिहास म्हणजे जसा केवळ मूर्तीचा इतिहास नव्हे, मंडप, ओवऱ्या, दीपमाळ आणि तेथें जमणारा भाविकांचा मेळा हेंहि त्यांत आलेंच पाहिजे, तसा चित्रपटाचा इतिहास केवळ चित्रपटांचा असून भागत नाहीं. ज्या घरांत तो दाखविला गेला तें घर आणि त्या घरांत बसलेला समाज यांवांचून तो अपुरा राहतो. आणि खेद असा कीं, चित्रपट निदान पेटींत घालून ठेवतां येतो; घराला पेटी नाहीं. तें एकदां पडलें कीं पडलें.

या इतिहासाचा आरंभ कोठें झाला, ती जागा सुदैवानें निश्चित ठाऊक आहे. इ. स. १८९६ च्या जुलै महिन्याच्या ७ तारखेस मुंबईंत काळा घोडा भागांतील वॉटसन हॉटेलांत फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंच्या यंत्राचा पहिला खेळ झाला. दर माणशीं एक रुपया. त्या काळीं एक रुपया ही साधारण माणसाची चैन नव्हती, कल्पनाच होती. वॉटसन हॉटेलची इमारत हीच मुळीं एक नवलाई होती. १८६० नंतरच्या दशकांत तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडांत तयार होऊन सुटा सुटा जहाजानें मुंबईस आला आणि येथें जोडून उभा केला गेला. पुढें हॉटेल बुडालें, इमारतीस एस्प्लनेड मॅन्शन हें नांव पडलें, खोल्याखोल्यांतून वकिलांच्या व व्यापाऱ्यांच्या कचेऱ्या आल्या. २००५ सालीं तिच्या सज्जांचा भाग कोसळला. २०१९ मध्यें उरलेले भाडेकरूहि बाहेर काढावे लागले. ज्या वास्तूंत भारतानें पहिलें चलच्चित्र पाहिलें, तिची ही अवस्था आहे.

पहिल्या खेळानंतर आठवडाभरांतच हे खेळ वॉटसनमधून नॉव्हेल्टी नाट्यगृहांत गेले, आणि माझ्या मतें खरा इतिहास येथूनच सुरू होतो. नॉव्हेल्टीमध्यें दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत पाडले गेले. पडदानशीन स्त्रियांसाठीं व त्यांच्या कुटुंबांसाठीं निराळ्या बैठकींची सोय झाली. म्हणजे विलायती साहेबाच्या हॉटेलांतील करमणूक आठ-पंधरा दिवसांत मुंबईच्या सर्वसाधारण माणसाच्या आटोक्यांत आली. यंत्र तेंच, चित्रें तींच. घर बदललें आणि प्रेक्षक बदलला. वास्तूचा विचार केल्यावांचून हा फरक ध्यानांत येणार नाहीं. त्या नॉव्हेल्टीच्या जागीं पुढें एक्सेल्सियर उभें राहिलें, आणि जुनें नॉव्हेल्टी केवळ ग्रंथांत उरलें.

नॉव्हेल्टीची कथा पुढें अनेक नाट्यगृहांच्या वांट्यास आली. व्हिक्टोरिया टर्मिनससमोर १८७९ मध्यें गेइटी नांवाचें नाट्यगृह निघालें होतें. त्याचेंच पुढें कॅपिटॉल चित्रगृह झालें. पुण्यांत किर्लोस्कर थिएटरचें वसंत टॉकीज झालें, भानुविलास नाट्यगृहांत बोलपट लागूं लागले. नाटकाच्या अभिमान्यांनीं त्या वेळीं पुष्कळ अश्रू ढाळले, व ते खोटे नव्हते. तथापि आज मागें वळून पाहतां एक गोष्ट कबूल केली पाहिजे कीं, चित्रपटानें त्या जागा घेतल्या म्हणून त्यांतील कांहीं वास्तू आणखी पन्नास वर्षें उभ्या राहिल्या. जुन्या रंगभूमीचे सज्जे, खांब व कमानी पुष्कळदां सिनेमाच्या भाड्यावर जगल्या आहेत.

यानंतर केवळ चित्रपटासाठीं बांधलेलीं घरें आलीं. मुंबईंतील ऑलिंपियांत १९१३ च्या एप्रिल महिन्याच्या २१ तारखेस दादासाहेब फाळके यांनीं आपला 'राजा हरिश्चंद्र' निमंत्रितांस दाखविला, व ३ मे रोजीं सँडहर्स्ट रोडवरील कॉरोनेशनमध्यें तो सर्वांसाठीं लागला. त्याच कॉरोनेशनमध्यें आदल्या वर्षीं, १९१२ च्या मे महिन्यांत, दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' दाखविण्यांत आला होता. मराठी माणसाच्या कर्तृत्वाचे हे दोन्ही मुहूर्त ज्या घरांत साजरे झाले, तें घर आज नाहीं. 'राजा हरिश्चंद्रा'ची कांहीं रिळें तरी पुण्याच्या चित्रपट संग्रहालयांत सुरक्षित आहेत. कॉरोनेशनची वीटहि शिल्लक नाहीं.

याहून विलक्षण गोष्ट मॅजेस्टिकची. गिरगांवांतील या चित्रगृहांत १९३१ च्या मार्च महिन्याच्या १४ तारखेस अर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' लागला व पडदा प्रथमच आपल्या भाषेंत बोलूं लागला. गर्दी इतकी लोटली कीं पोलिसांस पाचारण करावें लागलें, आणि चार आण्यांचें तिकीट चारपांच रुपयांस विकलें गेलें, असें सांगतात. त्या 'आलम आरा'ची एकहि प्रत आज जगांत उपलब्ध नाहीं. मॅजेस्टिकहि पुढें पाडलें गेलें व त्या जागीं त्याच नांवाचें दुकानांचें संकुल आलें. म्हणजे ज्या दिवशीं पडद्याला वाचा फुटली, त्या दिवसाचा बोलपटहि गेला व घरहि गेलें. उरलीं तीं जाहिरातींचीं कात्रणें, कांहीं छायाचित्रें आणि एक नांव. इतिहासाच्या अभ्यासकाला यापेक्षां मोठा धडा दुसरा कोणता हवा?

आतां थोडें या वास्तूंच्या रचनेविषयीं. जुन्या चित्रगृहाची रचना ही त्या काळच्या यंत्राची व समाजाची जणूं नोंदवहीच असते. मात्र ती वाचतां आली पाहिजे. यंत्राची खोली, जिला तेथील माणसें केबिन म्हणतात, ती जाड भिंतींची, आणि तिच्या झरोक्यांना लोखंडी झडपा. कां? तर त्या काळची चित्रफीत नायट्रेटची असे. ती कापसाच्या गंजीसारखी पेट घेई व एकदां पेटली कीं पाण्यानेंहि विझत नसे. आंत आग लागली तर झडपा पाडून ती आंतच कोंडावयाची, अशी ती योजना. केबिनच्या छताला धुराडें दिसे, कारण दिवा विजेच्या गोळ्याचा नसून दोन कार्बनकांड्यांमधील ठिणगीचा असे व त्याचा धूर बाहेर काढावा लागे. पडद्यासमोर वादकांना बसण्याची जागा असली, तर घर मूकपटाच्या काळचें समजावें. कारण चित्र मुकें होतें तरी प्रेक्षागृह कधींच मुकें नव्हतें. पेटी आणि तबला चाले, व अक्षरओळख नसलेल्यांसाठीं पाट्या मोठ्यानें वाचून दाखविल्या जात.

प्रेक्षकांची विभागणीहि भिंतींतच कोरलेली असे. पुढें बांकांचा पिट, मागें खुर्च्या, वर बाल्कनी. अनेक ठिकाणीं पिटाचें दार बाजूच्या बोळांत निघे व बाल्कनीचा जिना समोरच्या दालनांतून वर जाई, म्हणजे चार आणेवाला व बारा आणेवाला एकमेकांस भेटूंच नयेत अशी तजवीज. ही विषमता खरी. परंतु तिची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. ही वांटणी पैशाची होती. गांवांत पाणवठे वेगळे, देवळांत पायरी वेगळी, पंगत वेगळी, अशा काळांत तिकिटाच्या खिडकींतील माणूस हातावर पडलेली नाणीं मोजी. जात विचारणें हें त्याचें काम नव्हतें. दिवे मालवल्यावर शेजारीं कोण बसलें आहे, हें दिसतहि नसे. समाजसुधारणेच्या इतिहासांत सभा, ठराव व ग्रंथ यांना योग्य स्थान मिळालें आहे; त्या अंधाऱ्या खोलींतील लांकडी बांकाला मात्र एक ओळहि मिळालेली नाहीं.

तिसाव्या दशकांत वैभवाचा काळ आला. मुंबईंत १९३३ सालीं रीगल उघडलें, १९३८ सालीं मेट्रो व इरॉस उघडलीं. थंड हवा, संगमरवरी जिने, मोटारी ठेवण्यास तळघर, भिंतींवर नव्या धाटणीचें नक्षीकाम, असा तो थाट. पुण्यांत १९३४ सालीं इंदूरच्या किबे घराण्याच्या मालकीच्या वास्तूंत अप्पा बळवंत चौकांत प्रभात टॉकीज सुरू झालें. कोल्हापुराहून नुकत्याच पुण्यास आलेल्या प्रभात कंपनीचें तें हक्काचें घर. थाटामाटांत तें मुंबईच्या राजवाड्यांची बरोबरी करणारें नव्हतें. पण पुण्याच्या मध्यमवर्गानें जेवढा जीव त्याच्यावर लावला, तेवढा रीगलवर मुंबईकरांनीं लावला असेल असें मला वाटत नाहीं. माझ्या आजीनें आयुष्यांत मोजून अकरा चित्रपट पाहिले, ते सगळे प्रभातमध्यें. "थेटर चांगलं आहे, माणसं सभ्य असतात," एवढी तिची समीक्षा.

मग हीं घरें गेलीं कां? याचीं कारणें ठराविक सांगितलीं जातात व तीं खरींहि आहेत. १९७२ च्या ऑक्टोबरांत मुंबईस दूरदर्शन सुरू झालें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास दिसूं लागलें. १९८० नंतर घरोघर व्हिडिओ आला, १९९० नंतर तारेवरून वाहिन्या आल्या. करमणूक कराचें ओझें पूर्वींपासून होतेंच. २००१ पासून महाराष्ट्र सरकारनें अनेक पडद्यांच्या नव्या चित्रसंकुलांना पहिलीं कांहीं वर्षें या करांत सूट दिली; एकाच पडद्याचीं जुनीं घरें मात्र तो कर भरीत राहिलीं. शेवटीं २०२० च्या साथींत महिनोन् महिने सगळींच बंद राहिलीं, आणि जीं आधींच धापा टाकीत होतीं त्यांतील कित्येकांचीं दारें पुन्हां उघडलीं नाहींत.

परंतु याहून खोल असें एक कारण वास्तूच्या घडणींतच आहे, आणि त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. जुना वाडा ओस पडला तर त्यांत शाळा भरते, छापखाना चालतो, बिऱ्हाडें राहतात. चित्रगृहाचें तसें नाहीं. त्याला खिडक्या नाहींत, जमीन उतरती, छत उंच व मध्यें खांब नाहीं. त्यांत राहतां येत नाहीं, कचेरी थाटतां येत नाहीं. फार तर गोदाम किंवा लग्नाचें कार्यालय होईल, आणि त्यासाठींहि आधीं जमीन सपाट करावी लागेल. एकाच कामासाठीं जन्मलेली ही वास्तु तें काम संपतांच निरुपयोगी ठरते. उलट तिच्या खालची जमीन भर चौकांतली, बाजारपेठेंतली, सोन्याच्या मोलाची. घर कवडीमोल व जागा अनमोल, असा हा पेंच आहे. जुनें चित्रगृह पाडून नवी इमारत बांधावयाची तर तींत लहानसें तरी चित्रगृह ठेवावें, अशी अट सरकारनें घातली. पण तिनें वास्तु वाचत नाहीं, फक्त पडदा वाचतो.

या पेंचांतून निघालेल्या वाटा पाहिल्या तर त्या साधारण चार दिसतात. पहिली, समूळ नाश व नांवापुरती स्मृति: मॅजेस्टिक आणि आर्यन या वाटेनें गेलीं. ज्या मिनर्व्हांत १९७५ पासून पांच वर्षें 'शोले' चालला, तें लॅमिंग्टन रोडवरील घरहि असेंच पडलें. दुसरी, बाहेरचा सांगाडा राखून आंतील पोट नवें करणें: मेट्रो २००६ मध्यें अनेक पडद्यांचें झालें, इरॉस कांहीं वर्षें बंद राहून २०२४ मध्यें नव्या पद्धतीच्या भव्य पडद्यासह उघडलें. तिसरी, आहे तें जपत राहणें: प्रभातचा करार २०१४ च्या अखेरीस संपून वास्तु मूळ मालकांकडे परत गेली व किबे लक्ष्मी या नांवानें पुन्हां चित्रपट दाखवूं लागली. चौथी, निष्ठापूर्वक जीर्णोद्धार. मुंबईचें रॉयल ऑपेरा हाऊस हें तिचें ठळक उदाहरण. १९११ मध्यें बादशहा पंचम जॉर्ज यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. प्रथम नाटकें, मग चित्रपट, असें करीत १९९३ मध्यें तें बंद पडलें. गोंडल संस्थानच्या राजघराण्यानें, ज्याच्याकडे तें १९५२ पासून होतें, तें विकलें नाहीं. वास्तुशास्त्रज्ञ आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखालीं जुनीं छायाचित्रें व खुणा पडताळून एकेक भाग पूर्ववत् करण्यांत आला, आणि २०१६ मध्यें पडदा पुन्हां वर गेला.

येथें कोणी विचारील, कीं ऑपेरा हाऊससारखी कलाकृति जपावी हें ठीक. पण पत्र्याच्या छपराचें, ढेकणांनीं भरलेल्या खुर्च्यांचें प्रत्येक टॉकीज जपावयाचें काय? मी प्रामाणिकपणें सांगतों, नाहीं. तें शक्य नाहीं व इष्टहि नाहीं. मालकाला पोट आहे, शहराला वाढ आहे. परंतु वास्तु जपणें व वास्तूची नोंद ठेवणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला पैसा लागतो. दुसरीला फक्त वेळेवर जाणें लागतें. आणि येथें मला स्वतःचा एक अपराध सांगितला पाहिजे.

कांहीं वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या गांवीं व्याख्यानास गेलों होतों. तेथील जुनें चित्रगृह बंद पडून वर्ष झालें होतें. वृद्ध व्यवस्थापक किल्ल्यांचा जुडगा घेऊन रोज येऊन बसत. त्यांनीं मला आंत नेलें. केबिनमध्यें दोन यंत्रें झांकून ठेवलेलीं होतीं. कोपऱ्यांत कपाटभर वह्या होत्या. रोजच्या प्रत्येक खेळाचीं किती तिकिटें कोणत्या दरानें गेलीं, याचे तक्ते, सुमारें चाळीस वर्षांचे. एक वही उघडून पाहिली. पोळ्याच्या दिवशीं पिट भरलेला, बाल्कनी रिकामी; एका दुष्काळी वर्षीं सारें पानच रोडावलेलें; शाईनें लिहिलेला शेरा, "नदीस पूर, खेळ रद्द." एका गांवाचें सुखदुःख आंकड्यांत उतरलेलें होतें. व्यवस्थापक म्हणाले, "प्राध्यापकसाहेब, न्यायच्या असतील तर न्या. इथं कुणाला नको आहेत." मी म्हणालों, "परीक्षा संपूं द्या, दिवाळींत विद्यार्थी घेऊन येतों. नीट यादी करूं." दिवाळी गेली, मीं पुढच्या मेमध्यें गेलों. त्या जागीं खड्डा होता व खड्ड्यांत सळया उभ्या होत्या. वह्या रद्दींत गेल्या होत्या. व्यवस्थापकहि त्या थंडींत वारले होते. ज्या माणसानें आयुष्यभर विद्यार्थ्यांस साधनांचें महत्त्व शिकविलें, त्याच्या हातचें साधन केवळ आळसानें गेलें.

म्हणून वाचकांस विनंती आहे, आणि ती विद्वानांस नसून घरोघरच्या मंडळींस आहे. तुमच्या गांवीं बंद पडलेलें किंवा बंद पडूं पाहणारें चित्रगृह असेल, तर एका रविवारीं तेथें जा. दर्शनी भागाचें, जिन्याचें, तिकिटाच्या खिडकीचें व केबिनचें छायाचित्र घ्या. कोनशिला असेल तर तिच्यावरचा मजकूर अक्षरशः उतरून घ्या. खुर्च्या किती, दारें किती, स्त्रियांना बसण्याची वेगळी सोय होती काय, पूर्वीं तेथें नाटक होत असे काय, तें विचारा. केबिनमधील ऑपरेटर, दारावर तिकिटें फाडणारा, बाहेर भुईमुगाच्या शेंगा विकणारी बाई, यांना बोलतें करा. मालकाला जें ठाऊक नसतें तें त्यांना असतें. वह्या, जाहिराती, तिकिटांचीं अर्धुकें मिळालीं तर जवळच्या ग्रंथालयांत द्या. त्यावर तारीख घाला. तारखेवांचून नोंद म्हणजे पत्त्यावांचून पत्र. हें काम आजच्या काळांत प्रत्येकाच्या खिशांतील यंत्रानें होण्याजोगें आहे. कमी पडते ती फक्त इच्छा.

वॉटसन हॉटेलांत १८९६ सालीं जीं सहा चित्रें दाखविलीं गेलीं, त्यांत आगगाडी होती, समुद्रस्नान होतें, आणि एक चित्र होतें भिंत पाडण्याचें. मजूर जोर लावतात, भिंत कोसळते, धूळ उडते, बस्स, एवढेंच. ल्युमिएर यांच्या खेळांत हीच फीत उलटी फिरविण्याची गंमत केली जाई. मग पडलेली भिंत धुळींतून उठून पुन्हां उभी राही व लोक टाळ्या वाजवीत. पडलेलें घर असें उभें करण्याची शक्ति त्या यंत्रांत तरी होती. आपल्या हातीं तेवढें नाहीं. पण पुढच्या वर्षीं एखाद्या विद्यार्थ्यानें "आर्यन म्हणजे पार्किंग" असें म्हटलें, तर त्याच्यासमोर ठेवावयास एक पान तरी आपणांजवळ असावें, एवढें आपल्या हातीं खास आहे. त्या वर्गांत तें पान माझ्याजवळ नव्हतें. आतां हें आहे.